बेसचा घुमारा आणि दहा बाय बाराची खोली

स्पीकर घेताना दुकानात दोनच आकडे विचारले जातात: वॅट किती आणि वूफर किती इंची. पेटीला भोक आहे की नाही, असलेच तर ते पुढे आहे की मागे, हे विचारणारे गिऱ्हाईक विरळा. वास्तविक घरी नेल्यावर डग्गा डग्ग्यासारखा वाजणार की प्रत्येक थापेला तीच ती ढब-ढब ऐकू येणार, यात वॅटांपेक्षा त्या भोकाचा वाटा मोठा असतो. भोक असलेली पेटी म्हणजे पोर्टवाला स्पीकर, नसलेली म्हणजे बंद पेटीचा. बाजारात आज बहुसंख्य पोर्टवालेच आहेत, त्यामुळे निवड अशी काही असते हेच पुष्कळांना ठाऊक नसते. माझे म्हणणे असे, की शहरातल्या फ्लॅटमधली दहा बाय बाराची खोली असेल आणि ऐकायचे ते मुख्यतः संगीत असेल, तर बंद पेटीच घ्यावी. हे आवडीनिवडीचे मत म्हणून सोडून देता येईल. पण त्याला खोलीच्या लांबी-रुंदीचा आधार आहे, आणि तो आधार टेप लावून कोणालाही तपासता येतो.

मुळात पेटी लागतेच कशाला, हे आधी पाहिले पाहिजे. स्पीकरचा कोन पुढे सरकतो तेव्हा समोरची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची विरळ होते. एकच कोन असे दोन आवाज काढतो आणि ते एकमेकांच्या बरोबर उलटे असतात. वरच्या सुरांच्या लहरी आखूड असल्याने मागचा आवाज बव्हंशी मागेच राहतो. ५० हर्ट्झची लहर मात्र सुमारे ७ मीटर लांब. ती कोनाच्या कडेला सहज वळसा घालून पुढे येते आणि पुढच्या लहरीला खाऊन टाकते. सुटा वूफर टेबलावर ठेवून वाजवला तर त्यातून बेस जवळजवळ निघतच नाही, तो यामुळे. म्हणून कोनाची मागची बाजू पेटीत घालायची. पेटीत अडकलेल्या त्या मागच्या आवाजाचे पुढे काय करायचे, इथे दोन वाटा फुटतात. एक, त्याला आतच कोंडून जिरवायचे. दुसरी, त्याला एका नळीतून अशा बेताने बाहेर सोडायचे की तो उलटा न राहता पुढच्या आवाजाला साथ देईल.

दुसऱ्या वाटेमागचे तत्त्व गोव्यातल्या घुमटात शतकानुशतके वापरात आहे. घुमट म्हणजे दोन तोंडांचे मातीचे भांडे. मोठ्या तोंडावर कातडे ताणलेले, लहान तोंड उघडे. आरतीत, सुंवारीत किंवा मांडोच्या साथीला बसलेला वादक एका हाताने कातड्यावर थाप देतो आणि दुसऱ्या हाताच्या तळव्याने लहान तोंड कमीजास्त झाकतो. तोंड मोकळे असते तेव्हा त्याच्या गळ्यातली हवा आणि पोटातली हवा मिळून एका ठरावीक सुरात डोलू लागतात व थाप घुमते. तळवा पुढे आला की तो घुमारा बदलतो, आवळला जातो. हेर्मान फॉन हेल्महोल्ट्झ यांनी एकोणिसाव्या शतकात अशा पोकळ भांड्यांचे गणित मांडले. पोर्टवाली पेटी हे त्याच गणिताचे रूप आहे: नळीतली हवा हे वजन, पेटीतली हवा ही स्प्रिंग, आणि दोघांच्या मापांवरून ठरणारा एकच एक आवडता सूर. त्या सुरावर कोन जवळजवळ स्थिर राहतो आणि आवाज पोर्टमधून येतो. फरक इतकाच, आणि तो पुढच्या सगळ्या विवेचनाच्या मुळाशी आहे, की घुमटवाल्याचा तळवा क्षणाक्षणाला निर्णय घेत असतो. पेटीचे भोक कारखान्यात एकदा पाडले की तसेच उघडे राहते.

पोर्टचा शोध काही व्यापारी युक्ती म्हणून लागला नाही. बेल टेलिफोन लॅबोरेटरीजच्या ॲल्बर्ट थुरास यांनी १९३० मध्ये या रचनेच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि १९३२ मध्ये ते मिळाले. सिनेमा नुकताच बोलू लागला होता, व्हॉल्व्हचे ॲम्प्लिफायर जेमतेम काही वॅट देत होते. अशा वेळी कोनाच्या मागे वाया जाणारी शक्ती कामाला लावणे ही गरजच होती. उलट बाजूचा मोठा टप्पा १९५४ चा. न्यूयॉर्क विद्यापीठात शिकवणारे एडगर व्हिल्चर यांच्या लक्षात आले, की वूफरचा कोन ज्या लवचिक कडेवर तोललेला असतो ती कडच मोठ्या हालचालीत बेइमान होते; जितके ढकलावे तितके सरळ प्रमाणात ती परत ढकलत नाही. पेटीत कोंडलेली हवा मात्र हे काम पुष्कळच प्रामाणिकपणे करते. म्हणून त्यांनी कड मुद्दाम ढिली केली, पेटी लहान आणि हवाबंद केली, आणि स्प्रिंगचे काम हवेवर सोपवले. हेन्री क्लॉस या आपल्या विद्यार्थ्याबरोबर त्यांनी काढलेल्या अकूस्टिक रिसर्च या कंपनीचा एआर-१ हा पहिला स्पीकर त्यातून आला. त्यापूर्वी खोल बेस हवा तर कपाटाएवढी पेटी लागे. आता ती फळीवर मावू लागली. चारच वर्षांनी, १९५८ मध्ये, स्टिरिओ ध्वनिमुद्रिका बाजारात आल्या आणि घरात एकाऐवजी दोन पेट्या मांडायची वेळ आली, तेव्हा या लहानपणाची किंमत कळली.

लहानपण फुकट मिळाले नव्हते. बेस किती खोल जातो, पेटी किती लहान आहे आणि थोड्या वॅटमध्ये आवाज किती मोठा निघतो, या तिन्हींपैकी दोनच मनासारखी मिळतात; तिसरी सोडावी लागते. जोसेफ अँटन हॉफमन यांच्या नावाने ओळखला जाणारा हा नियम कोणत्याही जाहिरातीपेक्षा भरवशाचा आहे. तेवढ्याच वॅटमध्ये तेवढाच आवाज ठेवून बेस एक सप्तक खाली न्यायचा, तर पेटी आठपट मोठी करावी लागते. पुढे ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये आणि सिडनी विद्यापीठात रिचर्ड स्मॉल यांनी १९७० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत ही सगळी जुळणी समीकरणांत बसवली, आणि पेटी बांधणे अंदाजावरून हिशेबावर आले. त्या हिशेबात पोर्टला सुमारे ३ डेसिबलचा लाभ मिळतो, म्हणजे तेवढ्याच आवाजाला निम्मी शक्ती पुरते. हा लाभ खरा आहे. बंद पेटीची बाजू घेताना तो दडवायचे कारण नाही.

प्रश्न असा, की तो लाभ नेमका कोणत्या सुरांवर मिळतो. बंद पेटीचा आवाज तिच्या मर्यादेखाली दर सप्तकाला १२ डेसिबलने उतरतो, पोर्टवालीचा २४ डेसिबलने. दोन आदर्श पेट्या घेऊ. बंद पेटी ६० हर्ट्झवर ३ डेसिबल उतरलेली, पोर्टवाली ४० हर्ट्झवर. कागदावर दुसरी उघडच सरस. जाहिरातीत हाच एक आकडा छापला जातो. आता पायरी पायरीने खाली उतरावे. ५० हर्ट्झवर पोर्टवाली सव्वाचार डेसिबलने पुढे असते, ४० वर पावणेपाचने. ३० हर्ट्झला येईपर्यंत तिची आघाडी दोनवर येते. २७ च्या आसपास दोघी बरोबर होतात, आणि २० हर्ट्झवर बंद पेटीच पाच डेसिबलने वर राहते. म्हणजे पोर्ट देतो ते मुख्यतः ४० ते ६० च्या पट्ट्यात. त्याखाली तो हात आखडता घेतो, आणि आपल्या सुराच्या खाली गेल्यावर कोनाचा लगामही सोडून देतो. तिथे कोन आवाज न काढता नुसताच हेलकावे खातो.

आता खोली मोजू. दोन समांतर भिंतींमधल्या अंतराच्या दुप्पट लांबीची लहर त्या भिंतींत नेमकी बसते आणि तो सूर खोली स्वतःच फुगवते. आपल्या हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४५ मीटर धरला, तर १२ फुटांच्या बाजूला हा सूर ४७ हर्ट्झ येतो. १० फुटांच्या बाजूला ५७. फ्लॅटची उंची साडेनऊ फुटांच्या आसपास असते, तिला ६०. तिन्ही आकडे एकाच पट्ट्यात येतात, आणि तो पट्टा पोर्ट जिथे आपली सगळी पुण्याई खर्च करतो त्यात बसणारा आहे. खोली जिथे न मागता भरभरून देते, तिथेच आपण जादा पैसे मोजून आणखी ओततो. घरोघरी ऐकू येणारी ती एकसुरी ढब-ढब बरीचशी इथून येते. गाणे कोणत्याही पट्टीत असो, वादक कोणताही असो, खालचा आवाज पन्नास-साठ हर्ट्झच्या त्याच कुंडात जाऊन पडतो. दोष एकट्या पोर्टचा नाही आणि एकट्या खोलीचाही नाही. दोघांची गाठ चुकीच्या ठिकाणी पडते.

यावर जाणकार म्हणतील, की खोलीच्या मध्यावर हे सूर फुगत नाहीत, उलट नाहीसे होतात. बरोबर आहे. पण लहान खोलीत मध्यावर बसतो कोण? सोफा भिंतीला टेकलेला, समोरच्या भिंतीवर टीव्ही, त्याच्या दोन बाजूंना किंवा थेट कोपऱ्यांत स्पीकर, ही आपल्या दिवाणखान्यांची ठरलेली मांडणी. भिंतीलगत आणि कोपऱ्यात या सुरांचा दाब सर्वाधिक असतो. म्हणजे आवाज सोडायचीही तीच जागा आणि ऐकायचीही तीच. शिवाय पोर्ट मागच्या बाजूला असेल तर भिंतीला टेकलेल्या पेटीत त्याचा श्वासच कोंडतो, आणि कारखान्यात साधलेला सूर जागेवर राहत नाही.

खोलीचा आणखी एक गुण बंद पेटीच्या पथ्यावर पडतो, आणि मला तो या सगळ्या प्रकरणातला सर्वांत सुंदर भाग वाटतो. ४७ हर्ट्झच्या खाली आपल्या खोलीत लहर मावतच नाही. कोन पुढे आला की सगळ्या खोलीतला दाब एकदम वाढतो, मागे गेला की कमी होतो. खोली स्वतःच एक मोठी पेटी होते. पूर्ण बंद आणि ताठ भिंतींच्या खोलीत हा दाब सप्तक खाली जाताना १२ डेसिबलने चढतो. बंद पेटी त्याच मापाने उतरत असते. एकीचे उतरणे आणि दुसरीचे चढणे जमेस धरले की बेस कागदावरच्या आकड्यापेक्षा पुष्कळ खाली पोचतो, आणि तोही सपाट. प्रत्यक्षात दारे-खिडक्यांतून दाब निसटतो, त्यामुळे पूर्ण १२ कधीच मिळत नाहीत. खिडक्या सताड उघड्या असतील तर फारच थोडे मिळते, हे मान्य केले पाहिजे. तरी विटांच्या आणि काँक्रीटच्या भिंती, वर-खाली स्लॅब, ही आपली बांधणी लाकडी सांगाडा आणि जिप्समच्या पातळ भिंतींच्या अमेरिकी घरापेक्षा खूप ताठ आहे. तिकडच्या घरांत काही बेस भिंतींच्या थरथरण्यातच जिरतो. तिकडच्या मोठ्या, मऊ भिंतींच्या खोल्यांसाठी दिलेला सल्ला इथे जसाच्या तसा उचलला जातो, तेव्हा हा फरक कोणी हिशेबात घेत नाही.

इथवर आवाज किती, याचा विचार झाला. आवाज थांबतो कसा, हा प्रश्न मला त्याहून महत्त्वाचा वाटतो. पोर्टमधली हवा एकदा डोलू लागली की मूळ थाप संपल्यावरही क्षणभर डोलत राहते, आणि डोलते ती आपल्याच सुरात. ऑर्गनच्या लांब सुरात हे खपून जाते. तबल्यात लपत नाही. डग्ग्यावर थाप पडल्यावर वादक मनगट पुडीवर रेटत नेतो, नाद खालून वर चढत जातो. घिश्श्याचा सगळा अर्थ त्या अखंड चढण्यात असतो. डग्ग्याचा मूळ नाद साधारण शंभर हर्ट्झच्या आसपास किंवा थोडा खाली असतो, त्यामुळे यासाठी अतिखोल बेस लागतच नाही. लागते ते एवढेच, की वाटेतला एखादा सूर फुगू नये आणि मागची थाप पुढच्या थापेवर सांडू नये. तंबोऱ्याचेही तसेच. काळी एकचा षड्ज १३९ हर्ट्झ, म्हणजे खर्जाची तार ६९ वर. तिचा भरदारपणा मूळ सुरापेक्षा जवारीने उठवलेल्या वरच्या स्वरांत असतो, आणि कान त्यांच्यावरून खालचा सूर मनातच पुरा करतो. पाश्चात्त्य बेस गिटारची सर्वांत खालची तारही ४१ हर्ट्झला थांबते. संगीताचा खरा संसार याच्या वर आहे. २० हर्ट्झच्या नादी लागून ६० ते १२० चा पट्टा गढूळ करणे हा मला घाट्याचा सौदा वाटतो.

याला स्टुडिओंतून पुरावा मिळतो. यामाहाचा एनएस-१० हा १९७८ चा लहान बंद पेटीचा स्पीकर. खोल बेस त्याच्याजवळ नव्हता, आणि मधल्या पट्टीत तो जरा कर्कशच होता. तरीही जगभरच्या ध्वनिमुद्रकांनी वर्षानुवर्षे त्याच्यावर गाणी तोलली. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी २००१ मध्ये अनेक स्टुडिओ मॉनिटर मोजले, तेव्हा एनएस-१० चे वेगळेपण वेळेच्या मोजमापात दिसले: त्याचा खालचा आवाज झटकन सुरू होतो आणि झटकन संपतो. मुद्रण करणाऱ्याला ढोल आणि बेस गिटार यांचे नाते ठरवायचे असते. त्याला जास्त बेसपेक्षा वेळेवर थांबणारा बेस उपयोगी पडला. बीबीसीने १९७० नंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत बाह्य प्रक्षेपणाच्या गाड्यांसाठी तयार केलेला एलएस३/५ए हाही बंद पेटीचाच. गाडीतल्या चिंचोळ्या जागेत पोर्टचा घुमारा आणखी कुठे ठेवणार?

आक्षेप शिल्लक आहेत आणि ते हलके नाहीत. पहिला, उत्तम पोर्टवाले स्पीकर असतातच. मोठ्या पेटीत पोर्टचा सूर २० ते २५ हर्ट्झवर नेऊन ठेवला तर त्याचे रेंगाळणे संगीताच्या वाटेत येत नाही आणि तिथे कानही त्याबाबत फारसा काटेकोर नसतो. हे मी पूर्ण मानतो. मात्र ती पेटी फ्रिजच्या आसपासच्या मापाची होते. दहा बाय बारात जे फळीवरचे स्पीकर येतात त्यांचा पोर्ट साधारण ४५ ते ६० हर्ट्झवरच बसवलेला असतो. दुसरा आक्षेप मोठ्या आवाजाचा. आपल्या सुराजवळ पोर्ट कोनाचे कष्ट वाचवतो, त्यामुळे मोठ्या आवाजात कोन कमी थकतो, विकृती कमी होते. बंद पेटीत बेस एक सप्तक खाली तेवढाच ठेवायचा तर कोनाला चौपट अंतर हलावे लागते. यालाही उत्तर आहे, आणि ते काळाने दिले आहे. थुरास यांच्या काळी वॅट महाग होते. आजचे क्लास डी ॲम्प्लिफायर शंभर-दोनशे वॅट सहज आणि स्वस्तात देतात, आणि बंद पेटीचा उतार झीगफ्रीड लिंकविट्झ यांनी मांडलेल्या पद्धतीने विद्युत मंडलातच भरून काढता येतो. उतार हळुवार असल्याने ते भरून काढणे जमते. पोर्टच्या खालच्या कड्यावर असा प्रयत्न केला तर वूफरच जायबंदी होईल. तिसरा आक्षेप असा, की मग इक्वलायझरने पोर्टवाल्याचीही फुगवटी कापावी. कापावी, त्याने फायदा होतो. पण ज्या पट्ट्यासाठी पोर्ट विकत घेतला तोच पट्टा पुन्हा पैसे खर्चून कापायचा, यात पोर्टचे समर्थन कुठे राहिले?

बंद असली की पेटी चांगलीच, असेही कोणी समजू नये. मोठा वूफर फारच लहान डब्यात कोंडला तर आतली हवा इतकी ताठ होते की बंद पेटीही ऐंशी-शंभर हर्ट्झवर फुगते, आणि तो फुगवटा पोर्टपेक्षा वाईट, कारण तो थेट डग्ग्यावर आणि पुरुषी आवाजावर येतो. स्वस्त होम थिएटरचे पुष्कळसे डबे या रोगाचे आहेत. सिनेमाचे प्रकरणही निराळे आहे. स्फोट आणि भूकंप २० ते ३० हर्ट्झमध्ये राहतात, ते पोटात जाणवावेत अशी अपेक्षा असते, आणि कोणी त्यांना सूर लावायला सांगत नाही. वीस फुटांपेक्षा लांब हॉल असेल, तिथे खोलीचे फुगणारे सूर तिशीच्याही खाली गेलेले असतात, तिथे खोल साधलेला मोठा पोर्टवाला सबवूफर निःशंक घ्यावा.

ज्यांच्या घरी पोर्टवाले स्पीकर आधीच आहेत, त्यांना नवे घ्यायची घाई करायचे कारण नाही. काही कंपन्या स्पीकरबरोबर फोमचे बूच देतात. नसेल तर स्पंजचा तुकडा किंवा घट्ट गुंडाळलेला मोजा पोर्टमध्ये बसवावा, आत पडणार नाही एवढी काळजी घेऊन. मग रोजच्याच जागी, भिंतीला टेकून बसून, विलंबित एकतालातली एखादी संथ चीज आधी उघड्या आणि मग बंद पोर्टवर ऐकावी, आवाजाची पातळी न बदलता. प्रत्येक ‘धिं’ला डग्ग्याचा स्वर वेगळा कळतो का, दोन मात्रांमधली शांतता रिकामी होते का, एवढेच पाहावे. बूच लावल्यावर आवाज पहिल्यांदा कोरडा वाटणारच, कारण पोर्टसाठी घडवलेला वूफर बंद पेटीत बेस लवकर सोडतो. तसे वाटले तर पेटी भिंतीच्या आणखी जवळ न्यावी. पोर्ट बंद असल्यावर भिंतीला टेकवली तरी बिघडत नाही. उलट भिंत खालचा आवाज थोडा उचलून देते, आणि किती अंतरावर तो पुरेसा होतो हे दोन-दोन इंच सरकवत कानानेच ठरवता येते. इतके करूनही गाणे पोकळच वाटले, तर बूच काढून टाकावे आणि पेटी भिंतीपासून दोन फूट पुढे ओढावी, खोलीत तेवढी जागा असेल तर.